किलोमीटर १०४ वरून माचू पिच्चू: दोन दिवसांच्या इंका वाटेबद्दल माहीतगारांनी सांगा

तिसरं_रेल्वेगेट (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात चौघं पेरूला जातोय, वयं २८ ते ६१. चार दिवस तंबूत राहणं सगळ्यांना झेपणार नाही, म्हणून माचू पिच्चूला चालत नेणारी दोन दिवसांची छोटी इंका वाट करायची असं चाललंय. एक एजंट ‘शॉर्ट इंका ट्रेल’ २५० डॉलरला देतो, दुसरा त्याच नावाचे ६०० मागतो. फरक कशाचा?

शिवाय चढ किती, उंचीचा त्रास कुठे होतो, परमिट कधी काढायचं, आणि दोघं शाकाहारी आहेत त्यांचं काय, एवढं सांगा की. बेळगाव साडेसातशे मीटरवर, तिथे म्हणे आपण विमानाने उतरतो ते कुस्को शहरच ३४०० मीटरवर. सराव कुठे करावा तेही सुचवा.

---

घाटवाटा_खानापूर

त्या स्वस्तवाल्याला एकच प्रश्न विचारा: चालायला सुरुवात कुठून? ‘किलोमीटर १०४’ असं उत्तर आलं तरच ती इंका वाट. बरेच जण रेल्वेने थेट माचू पिच्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाला नेतात, तिथून बसने माचू पिच्चूच्या दारात, आणि वर तासभर चालवून त्यालाच ट्रेल म्हणतात. त्याला इंका वाटेचं परमिट लागत नाही, म्हणून स्वस्त. खऱ्या वाटेवर दिवसाला २५० जणांनाच सोडतात, त्यात गाईडही धरले जातात. परमिट, गाईड, रेल्वे, बस, एक रात्र हॉटेल आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट धरून ५०० ते ७०० डॉलर हा सरळ भाव आहे. परवानाधारक संस्थेच्या गाईडशिवाय या वाटेवर जाताच येत नाही, तेव्हा ‘तिथे जाऊन बघू’ हा विचार सोडा.

आता वाट. १०४ हा कुस्कोहून येणाऱ्या रेल्वेमार्गावरचा किलोमीटर. वाटेतल्या ओयांतायतांबो गावाहून पहाटेची गाडी धरली की साधारण दीड तासात तो येतो. तिथे नीट फलाट नाही, गाडी मिनिटभर थांबते. गाईड आधीच उठवून दारापाशी उभं करतो, तेव्हा सॅक वरच्या फळीवर टाकून झोपू नका. उतरल्यावर उरुबांबा नदीवरचा झुलता पूल, पलीकडे चौकी. मूळ पासपोर्ट आणि परमिट ताडून पाहतात. झेरॉक्स चालत नाही.

चौकीची उंची सुमारे २१०० मीटर. लगेच चाचाबांबाचे अवशेष लागतात, दगडी स्नानकुंडं आणि पाण्याचे पाट. इथे अर्धा तास पुरे, कारण पुढचे तीन तास उघड्या डोंगरउतारावरची सलग चढण आहे. सावली फार थोडी. लोक इथेच दमतात, आणि ते उंचीमुळे नाही, उन्हामुळे. सकाळी आठला चढायला लागलेला माणूस आणि साडेनऊला लागलेला माणूस यांच्या दमण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मग विन्याय वायना हे इंकांचे अवशेष, सुमारे २६५० मीटर. माझ्या मते या दोन दिवसांतलं सगळ्यात देखणं ठिकाण हेच, माचू पिच्चू धरून. अख्खा डोंगर कमानीसारखा वळलाय आणि त्यावर शेतीचे मजले उतरत गेलेत. वरची वस्ती आणि खालची वस्ती जोडणारा एक उभा जिना, आणि जिन्याला लागून एकाखाली एक स्नानकुंडं. वरच्याचं पाणी खालच्यात पडतं. नावाचा इंकांच्या क्वेचुआ भाषेतला अर्थ ‘सदा तरुण’, आणि त्याच नावाचं ऑर्किड त्या भागात फुलतं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल फेयोस यांच्या मोहिमेने हे ठिकाण जगापुढे आणलं, म्हणजे अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम माचू पिच्चूला पोचला त्या १९११ नंतर तीस वर्षांनी. एवढ्या जवळ असून तीस वर्षं. झाडी किती दाट आहे ते यावरून कळेल.

जवळच्या कॅम्पवर जेवण आणि शौचालय. पुढची दीड-दोन तासांची वाट जंगलातून, बरीचशी सपाट, एका बाजूला दरी. सगळ्यात शेवटी पन्नासेक पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की हात टेकूनच चढावं लागतं. त्या संपल्या की थोड्याच वेळात इंती पुंकू, सूर्यद्वार, सुमारे २७२० मीटर. इथून माचू पिच्चू खाली दिसतं. मग पाऊण ते एक तास उतार, २४३० मीटरपर्यंत.

एकूण चाल ११-१२ किलोमीटर, जेवणाचा वेळ धरून सहा ते आठ तास. चढ सहाशे मीटरच्या आसपास. पण पायऱ्या मोजून चढाल! आपल्या घाटवाटा बैलांच्या तांड्यांसाठी बांधलेल्या, वळणं घेत हळूहळू चढतात. इंकांकडे चाक नव्हतं, घोडा नव्हता, ओझं माणूस नाहीतर लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी वाहायचा, म्हणून वाट सरळ जिन्याने वर जाते. एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी.

---

शहापूर_पेठ

वाट घाटवाटा यांनी चोख सांगितली. पण मंडळी वाटेवर अडकत नाहीत, कागदावर अडकतात, म्हणून तेवढंच लिहितो.

परमिट पासपोर्ट क्रमांकावर निघतं. दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तारीख बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत. परमिट काढल्यानंतर पासपोर्ट नवा केला तर चौकीवर क्रमांक जुळणार नाही. संस्थेला लगेच कळवायचं आणि जुना-नवा दोन्ही सोबत न्यायचे.

दुसरं, नावाची भानगड. तिथल्या फॉर्ममध्ये ‘नोम्ब्रेस’ म्हणजे नावं आणि ‘आपेयिदोस’ म्हणजे आडनावं, तीही आई-वडिलांची दोन. आपण स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं सरळ लिहून पाठवतो आणि ते लोक वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून टाकतात. आपल्या भागात अजून एक: काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो, सगळं नाव एकाच ओळीत. नाव टाइप करून पाठवू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा आणि परमिटची प्रत आली की अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

व्हिसा: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीच्या पेरू दूतावासातून काढायचा. विमान अमेरिकेतून बदलणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आधी काढू नका.

आता ज्याच्यावर कुणी लिहीत नाही ते. पेरू हा आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) यादीतला देश आहे. तिथून परत येताना पिवळं लसपुस्तक नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. माचू पिच्चूला त्या तापाचा धोका नाही, पण विमानतळावर तो युक्तिवाद चालत नाही, शिक्का देशाचा बघतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, सरकारमान्य केंद्रातच. मुंबईला आणि बेंगळुरूला आहेत. साठीच्या पुढच्यांना आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना ही लस देण्याआधी डॉक्टर विचार करतात, म्हणजे तुमच्या ६१ वाल्यांना आताच विचारायला पाठवा. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि हो, माचू पिच्चूच्या दारात हौसेचा शिक्का मारतात. वहीत घ्या. पासपोर्टवर इमिग्रेशनशिवाय दुसरा शिक्का नको.

---

वडगाव_भटक्या

सरावाआधी उंचीचं बघा. कुस्कोत दोन दिवस राहून अंगवळणी पाडायचं आणि मग ट्रेक. सगळे तसंच करतात.

---

निपाणीकर_औषधवाला

सगळे करतात खरं, पण उलटं आहे ते. कुस्को ३४०० मीटर, आणि ही वाट सगळ्यात वर २७२० मीटर. म्हणजे ट्रेकपेक्षा मुक्कामच उंच! त्रास व्हायचा तो कुस्कोच्या हॉटेलात पहिल्या रात्री होतो. लिमा समुद्रसपाटीला, तिथून सव्वा तासात विमान ३४०० मीटरवर सोडतं. शरीराला कळतच नाही काय झालं.

शहाणपणाचा क्रम असा: कुस्को विमानतळावर उतरलात की थांबू नका, गाडीने सरळ खाली उरुबांबा गावाला किंवा ओयांतायतांबोला जा. दोन्ही २८०० च्या आसपास. तिथे दोन रात्री, मग ट्रेक, आणि कुस्को शेवटी. तोवर चार दिवस झालेले असतात, कुस्को सोसतं. दुसरा फायदा म्हणजे ट्रेकच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून कुस्कोहून दोन तास गाडीत बसावं लागत नाही, ओयांतायतांबोचं स्टेशन चालत गाठता येतं.

गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड. नेहमीचा डोस १२५ मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, वर पोचल्यावर दोन दिवस. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो, घाबरायचं नाही. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि ही गोळी इथेच दोन दिवस घेऊन बघा, तिकडे जाऊन पहिल्यांदा नको.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे चालायचं. बसल्या जागी धाप, ओला खोकला किंवा चालताना तोल जाणं हे चालायचं नाही. त्यावर इलाज एकच, खाली उतरणं, रात्र असली तरी. पहिल्या दोन दिवसांत दारू आणि भरपेट रात्रीचं जेवण टाळा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, प्यायला हरकत नाही, पण त्याची एकही पुडी बॅगेत टाकून भारतात आणू नका. अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान नावानिशी आहे.

---

वडगाव_भटक्या

बरोबर आहे अण्णा, मी चार दिवसांच्या वाटेच्या हिशोबाने बोललो. तिची सगळ्यात उंच खिंड ४२०० मीटरवर जाते, तिला कुस्कोचा सराव लागतो.

सरावाचं सांगतो. पळून किंवा सपाटीवर चालून उपयोग नाही, पायऱ्या पाहिजेत. येळ्ळूरचा राजहंसगड पायी, एका सकाळी दोनदा चढ-उतार. ते जमलं की देवरवाडीच्या वैजनाथापासून महिपाळगड, आणि पारगडच्या पायऱ्या. पाठीवर पाच किलो घेऊन, आठवड्यातून दोनदा, दोन महिने. चढायला सगळेच तयार असतात, सराव उतारासाठी करा. इंती पुंकूवरून शेवटचा तासभर दगडी फरसबंदीचा उतार असतो, आणि गुडघे नेमके तिथे बोलतात.

बुटांचे तळवे नवे पाहिजेत. पावसात आपल्या जांभ्याच्या पायऱ्या घसरतात तशीच तिथली ग्रॅनाइटची पायरी दव पडलं की घसरते. बूट मात्र नवे कोरे घालून जाऊ नका, महिनाभर पायात मुरवा. काठीच्या टोकाला रबराची टोपी सक्तीची आहे. लोखंडी टोक दगड खरवडतं म्हणून चौकीवर अडवतात. टोपी वाटेत निसटून हरवते, जोडीला एक जादा खिशात ठेवा.

---

अनगोळची_सुगरण

शाकाहाराचं मी सांगते. ‘सोय वेखेतारियानो’ एवढं म्हटलं की मटण काढतात, पण सूप कोंबडीच्या पाण्याचंच राहतं. त्यांच्या लेखी रस्सा म्हणजे मांस नव्हे. म्हणून मोडून सांगायचं: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो. मांस नको, कोंबडी नको, मासा नको, कोंबडीचं पाणी नको. बुकिंगच्या वेळी लेखी द्या आणि आदल्या संध्याकाळी गाईडला परत एकदा आठवण करा, कारण ट्रेकचं जेवण डब्यात बांधून आणलेलं असतं. तिथे वाटेवर दुसरं काही बनत नाही. बटाटा, मका, किन्वा, चीज, आवोकादो याची कमी नाही, उपाशी कुणी राहत नाही.

घरचं न्यायचं तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पंधरा दिवस टिकते, वजन नाही, गरम करायला नको. लसूण घातलेली चटणी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर सगळी बॅग वास मारेल. भडंग फुगतं, जागा खातं, थोडंच न्या. कुंदा नेऊ नका ताई-दादांनो, दुधाचा असतो, तिकडच्या कस्टममध्ये दुधाच्या आणि ताज्या जिनसांना कटकट होते. फळ, बी, कच्चे शेंगदाणे अजिबात नको. जे न्याल ते फॉर्मवर लिहून टाका.

पाणी माणशी अडीच लिटर, स्टीलच्या बाटलीत किंवा पिशवीत. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांना बंदी आहे आणि १०४ नंतर विकत मिळत नाही. मीठ-साखर-लिंबाची पुडी करून ठेवा.

---

तिसरं_रेल्वेगेट (बेळगाव)

भरपूर मिळालं की ओ, आभार सगळ्यांचे. अजून तीन शंका. ६१ वाले काका हळू चालतात, उशीर झाला तर काय होतं? पहिल्याच दिवशी माचू पिच्चू बघून होतं का? आणि मेची परमिटं संपली असतील तर?

---

घाटवाटा_खानापूर

उशिराचं गणित बसवरून करा. माचू पिच्चूच्या दारातून आग्वास कालिएंतेसला शेवटची बस संध्याकाळी साडेपाचला सुटते. ती चुकली तर पायऱ्यांची वाट, तास-दीड तास, आणि तिथे मेमध्ये साडेपाच-सहालाच अंधार पडतो, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा दिवस लहान असतात. दिवाळीनंतर आपल्याकडे पडतो तसा झपकन. म्हणून उलटं मोजा: चारला इंती पुंकू, दोनला विन्याय वायना सोडलेलं. साडेबारापर्यंत विन्याय वायनाला पोचला नाहीत तर तिथली भटकंती आखडती घ्या, जेवण उरका. काकांना गटाच्या पुढे ठेवा, मागे नको. मागचा माणूस पोचतो तेव्हा पुढचे बसून ताजेतवाने झालेले असतात आणि लगेच उठतात; हळू चालणाऱ्याला विश्रांती मिळतच नाही. चौघांचा वेगळा गाईड थोडा महाग पडतो, पण तुमच्या बाबतीत तो घ्या. डोक्याला बांधायचा दिवा सगळ्यांनी ठेवा.

पहिल्या दिवशी माचू पिच्चू वरून दिसतं, फोटो होतात, आणि बाहेर पडायचं. आत फिरणं दुसऱ्या दिवशी, वेगळ्या तिकिटावर, ठरलेल्या वेळेला. २०२४ पासून आत तीन सर्किट, म्हणजे फिरायचे ठरलेले मार्ग, आहेत, एकाचं तिकीट घेऊन दुसऱ्यात जाता येत नाही, मागे वळताही येत नाही. पहिलं सर्किट मुख्यतः वरून दिसणारं दृश्य. ते तुम्ही आदल्या दिवशी इंती पुंकूहून पाहिलेलंच असतं, तेव्हा दुसरं सर्किट मागा: वरून दृश्यही आणि मंदिरं-वाड्यांमधून चालणंही. संस्था काही न विचारता उरलेलं तिकीट गळ्यात मारते, म्हणून सर्किटचा आकडा पावतीवर लिहून घ्या.

आत जाताना पाठीवरची पिशवी ४० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. आत शौचालय नाही, दाराबाहेर आहे, दोन सोल (तिथलं चलन) सुट्टे ठेवा. मोठ्या बॅगा ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा, रेल्वेतही हातातली छोटी एकच चालते. बसला एका बाजूचे सुमारे १२ डॉलर, पॅकेजमध्ये आहेत का विचारा.

आत गेल्यावर एक बघा. चांगल्या भिंतींत चुना-माती काही नाही, दगडाला दगड घासून बसवलाय. भिंती किंचित आत झुकलेल्या, दारं-कोनाडे खाली रुंद आणि वर निमुळते. सगळं भूकंपासाठी. धक्का बसला की दगड जागच्या जागी हलून परत बसतात. गाईडला याच्यावर बोलतं करा, लामाचे फोटो नंतर होतील.

---

शहापूर_पेठ

परमिट संपल्यावर: मे ते सप्टेंबर तिकडे कोरडा हंगाम, तेव्हा तीन-चार महिने आधी काढलेलं बरं. फेब्रुवारी तर यादीतूनच काढा, चार दिवसांची वाट त्या महिन्यात दुरुस्तीसाठी बंद असते आणि पाऊसही तेव्हाच झोडपतो. मे नाही जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, गणपती झाल्यावर.

तारीख हलवता येत नसेल तर माचू पिच्चू रेल्वेने करा आणि चालायची हौस हुचुय कोस्कोवर भागवा. इंकांचीच जागा, उरुबांबा नदीच्या ‘पवित्र खोऱ्यात’ लामाय गावाच्या वर, परमिटची रोजची मर्यादा नाही, गर्दी नाही. फक्त ती ३६०० मीटरवर आहे, तेव्हा औषधवाल्यांचा क्रम पाळून, शेवटच्या दिवसांत. सोपं हवं तर त्याच खोऱ्यातलं पिसाक: गाडीने वर जायचं आणि अवशेषांमधून चालत गावात उतरायचं. पिसाक आणि ओयांतायतांबो दोन्ही कुस्कोच्या एकत्रित पर्यटक तिकिटात येतात, दहा दिवसांचं, १३० सोल. माचू पिच्चू त्यात नाही.

---

निपाणीकर_औषधवाला

एक राहिलं. आग्वास कालिएंतेसला नदीकाठी बारीक माशी चावते. चावताना कळत नाही, रात्री पाय सुजून खाज सुटते आणि आठवडाभर जात नाही. डास नव्हे, त्यामुळे ओडोमास लावून निर्धास्त राहू नका. डीट (DEET) हे कीटक पळवणारं रसायन असलेलं मलम घ्या, पायमोज्यात पँट खोचा, अर्धी चड्डी नको. सोबत सेट्रिझीनची एक पट्टी ठेवा.

---

तिसरं_रेल्वेगेट (बेळगाव)

स्वस्तवाल्याला विचारलं, सुरुवात कुठून म्हणून. ‘माचू पिच्चूच्या दारातून’ म्हणाला. त्याला सोडलं. आता चौघांचे पासपोर्टचे फोटो काढतोय, काकांना सोमवारी लसीचं विचारायला पाठवतो.